शंभरला अठ्ठावीसशे

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. त्यांना लाल सिग्नल फार आवडे. बाकीचे लोक हिरवा दिवा सापडावा म्हणून घाई करतात. हे लांबूनच वेग कमी करत, हिरव्याचा पिवळा होऊ देत, पिवळ्याचा लाल, आणि मग रांगेत सगळ्यात पुढे थांबून समाधानानं स्टिअरिंगवर बोटं वाजवत. थांबल्याशिवाय निघता येत नाही, आणि त्यांना निघायचं असे. दिवा बदलला की त्यांची गाडी मागच्या चाकांवर जरा बसल्यासारखी होई आणि पुढच्या क्षणी चौकाच्या पलीकडे असे. पलीकडे पोचल्यावर मात्र पन्नासच्या वर एक किलोमीटर नाही. "नियम म्हणजे नियम," असं म्हणून मागून येणाऱ्या छोट्या गाड्यांनाही ते पुढे जाऊ देत.

तुम्ही दोघांनी परवा व्हिडिओ कॉलवर विचारलंत की आजी, एवढी वर्षं नेदरलँड्समध्ये राहून तुला भेटलेला सगळ्यात विचित्र माणूस कोण. मी म्हटलं, लिहून पाठवते. बोलायला लागलं की तुम्ही मला मधेच इंग्रजीत ओढून नेता. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. तुमच्या आजोबांचे ते जुने सहकारी. तरुणपणी पुण्यात गिअरबॉक्सच्या कारखान्यात होते, मग आइंडहोव्हनला आले. तिथे चिप बनवायच्या यंत्रांवर त्यांनी काम केलं, जिथे केसाची जाडी म्हणजे अगदीच ढोबळ माप समजतात. निवृत्त झाल्यावर इथे, आइंडहोव्हनजवळच्या बेस्ट गावात, आमच्या घरामागच्या रांगेत त्यांनी एक गॅरेज भाड्यानं घेतलं आणि त्यात बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, दोन दारांची, पन्नासएक वर्षं जुनी अमेरिकन गाडी आणून ठेवली. पूर्वी अमेरिकेत साध्या गाडीत भलंमोठं इंजिन बसवत आणि तिला मसल कार म्हणत, त्यातली ती. गॅरेजमध्ये ते इस्त्री केलेला निळा कोट घालून काम करत. कोटाला डाग पडला की काम थांबवून घरी येत आणि दुसरा कोट घालून परत जात.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला ते गाडी घेऊन आले की पुण्या-मुंबईकडची तरुण पोरं तिच्याभोवती जमत. एकजण हमखास विचारे, "काका, अ‍ॅव्हरेज किती देते?"

"लग्न झालंय का तुझं?" ते विचारत.

"नाही अजून."

"मग आत्ताच कसले हे प्रश्न विचारतोस?"

पण पोरांनी कामाचा प्रश्न विचारला की ते तासभर हलत नसत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कुठे जायचंय ते आधी सांगा." गाडीपुरतं नाही, कशालाही हेच. मी एकदा भाताचा कुकर कुठला घेऊ म्हणून विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, जेवायला किती जण असतात? रोजचे किती, आणि दिवाळीला किती? दिवाळीचा कुकर घेऊन रोज दोघांचा भात लावाल तर तो करपेल." मी छोटा घेतला. त्यांचं बरोबर होतं.

आता गिअरचं सांगते, कारण त्याच्याशिवाय हा माणूस कळणार नाही. मला त्यांनी ते कालव्याच्या काठी समजावलं, मी सायकल हातात धरून उभी होते तेव्हा. वारा समोरून आला की आपण सायकलचा हलका गिअर टाकतो. पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण जोर कमी लागतो. वारा पाठीशी असला की जड गिअर. पाय निवांत, सायकल सुसाट. गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्येही अशीच दातांची एक जोडी असते, क्राउन आणि पिनियन. फरक एवढाच की ती चालता चालता बदलता येत नाही. एकदा बसवली की तीच. त्यांच्या गाडीत आधीच्या मालकानं शर्यतीसाठी तीन पूर्णांक एक्क्याण्णवची जोडी बसवली होती. म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा जवळजवळ चार वेळा फिरे तेव्हा चाक एकदा फिरे. सिग्नलवरून उडी मारायला उत्तम. पण हायवेवर शंभरच्या वेगाला इंजिन मिनिटाला एकतीसशे फेरे घेत किंचाळत राही.

ते किंचाळणं त्यांना गाणं वाटे. त्यांच्या बायकोला वाटत नसे.

ती माझी मैत्रीण. आम्हा दोघींना एकाच वर्षी कानाची मशीनं लागली, एकाच दुकानातून, एकाच बनावटीची. ज्यांना ती लागत नाहीत त्यांना सांगून कळत नाही की मशीन आवाज मोठा करतं म्हणजे सगळाच आवाज मोठा करतं. त्या गाडीत बसल्यावर ती शांतपणे दोन्ही मशीनं काढून चष्म्याच्या घरात ठेवून देई. मग दोन तास खिडकीबाहेर बघे. ते बोलत असत. अधूनमधून त्यांचे ओठ हलताना दिसले की ती मान डोलावे. तिचा अंदाज असा की गिअरबद्दलच बोलत असणार, आणि तो नव्वद टक्के वेळा बरोबर असे.

राहिलेल्या दहा टक्क्यांनी घात केला.

त्यांची मुलगी एनस्खेडेला विद्यापीठात संशोधन करते. एका शनिवारी हे दोघं तिच्याकडे जेवायला गेले. वरणभात वाढून झाला आणि त्यांनी मुलीला जाहीर केलं की पुण्याचा फ्लॅट पुतण्याला द्यायचं ठरलंय, आता आम्ही कायमचे इथेच राहणार.

बायको म्हणाली, "कधी ठरलं?"

"अगं, मघाशी. वाटेत."

"वाटेत कुठे?"

"आपेलडोर्नच्या थोडं अलीकडे. मी विचारलं, तू मान डोलावलीस. मी परत विचारलं, तू परत डोलावलीस."

तिनं चष्म्याचं घर उघडून टेबलावर ठेवलं. त्यात दोन्ही मशीनं होती.

हे सगळं मला तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती पुढे काय म्हणाली तेही. "जगाला विचारत फिरता, कुठे जायचंय ते आधी सांगा. शेजारणीला कुकर घेताना विचारता. मला एकदा विचारलंत?" ते म्हणाले, विचारलं ना, दोनदा. त्यावर ती ताटावरून उठली.

परत येताना ती गाडीत बसली नाही, ट्रेननं आली. ते एकटे गाडीनं आले, थेट बेस्टच्या स्टेशनवर जाऊन थांबले, ती उतरल्यावर तिच्या हातातली बॅग घेतली आणि गाडी तिथेच ठेवून तिच्याबरोबर घरापर्यंत चालत आले. गाडी आणायला ते दुसऱ्या दिवशी गेले.

एरवी कुणीही काय केलं असतं? स्वयंपाकघरात बायकोसमोर बसून पुन्हा विचारलं असतं. मी त्यांना तसं सुचवलंही. म्हणाले, "वहिनी, चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त करायची असते. प्रश्न गाडीत विचारला होता, गाडीतच विचारीन. तिला ऐकू येईल आणि तिचं उत्तर मला ऐकू येईल अशी गाडी आधी करतो." पुतण्याला त्यांनी कळवलं, थांब, अजून ठरलेलं नाही.

आणि तिनं सांगून टाकलं, "गाडीत ऐकू यायला लागेल तेव्हा बोलवा. तोवर मी बसणार नाही." म्हणजे चाचणीला दुसरे कान हवे होते, अगदी तसेच. ते माझ्याकडे होते.

पहिला निर्णय त्यांनी कागदावर घेतला. आवाज कमी हवा, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी हवेत, म्हणजे सगळ्यात जड जोडी. दोन पूर्णांक त्र्याहत्तर. इथे दिवसा हायवेवर शंभरच्या वर जाता येत नाही, तेव्हा शंभरला इंजिन साडेएकवीसशे फेऱ्यांवर निवांत चालेल. सिग्नलवरची उडी जाईल. "गेली तर गेली," ते म्हणाले. पण तेवढं बोलून त्यांनी कोटाची बाही उगीचच दोनदा सरळ केली.

नवी जोडी बसवताना त्यांनी मला बघायला बोलावलं होतं. दातांना पिवळा रंग फासून चाक हातानं फिरवायचं, आणि एका दाताचा दुसऱ्यावर ठसा कुठे उमटतो ते पाहायचं. ठसा फार टोकाला आला की सगळं सोडवून, कागदाइतकी पातळ पत्र्याची चकती आत घालून, पुन्हा जोडायचं. असं त्यांनी अकरा वेळा केलं. अकराव्या वेळी ठसा दाताच्या मधोमध आला तेव्हा ते मला म्हणाले, "बघा, दोघं एकमेकांना नीट भेटतायत." मी म्हटलं, तुम्ही घरी जा आता. वरण गार होतंय, असा तिचा दोनदा फोन आलाय.

मग चाचणी. त्यांनी पन्नास शब्दांची यादी केली होती, घरात रोज लागणारे शब्द. किल्ली, कोथिंबीर, गोळी, उद्या, दार. मी पुढच्या सीटवर, मशीनं कानात, मांडीवर वही. ते गाडी एका वेगावर धरून दहा शब्द म्हणत, मी ऐकू येतील तसे लिहीत असे. तुम्हाला माझ्या वह्या माहीत आहेत. समास आखलेला, तारीख उजव्या कोपऱ्यात.

ऐंशीला दहापैकी नऊ शब्द बरोबर आले. नव्वदला सात. शंभरला तीन.

काय झालं ते सांगते. शंभरला पोचल्याबरोबर गाडीचा सगळा पत्रा एका सुरात घुमायला लागला. पत्र्याच्या पिंपात तोंड घालून कुणी न थांबता "ऊं" म्हणत राहावं तसं. मोठा आवाज नव्हता, जुन्या किंचाळण्याच्या मानानं काहीच नव्हता. पण तो सगळीकडे होता. माणसाचं बोलणं त्यात बुडून जाई.

ते म्हणाले, "तुमच्या लिहिण्यात चूक असेल."

"माझ्या लिहिण्यात चूक नसते," मी म्हटलं.

"कागदावर फेरे कमी आहेत."

"कागदाला कानाचं मशीन नाही."

त्यांनी हायवेवरच माझ्याकडे वळून पाहिलं आणि मोठ्यानं हसले. मला त्यातलंही अर्धंच ऐकू आलं.

खरी गोष्ट माझ्या वहीतच होती, आणि ती त्यांच्याआधी माझ्या लक्षात आली हे मी जरा अभिमानानं लिहिते. संध्याकाळी सातनंतर हायवेवर वेग थोडा वाढवता येतो, आणि उन्हाळ्यात इथे सातला लख्ख ऊन असतं. त्या वेळी आम्ही एकशेदहालाही एक फेरी केली होती. तिथे सहा शब्द आले होते. मी ओळ दाखवून म्हटलं, "वेग वाढला तर शब्द वाढले कसे?"

त्यांनी वही घेतली, गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिले. प्रत्येक गाडीचा, म्हणाले, घुमण्याचा एक ठरावीक पट्टा असतो. या गाडीचा एकवीसशेच्या आसपास आहे. तीस वर्षं यंत्रांची थरथर काढण्यात घालवली आणि घरच्या यंत्राची विसरलो. मी शांतता शोधत नेमका घुमटात जाऊन बसलो. ते हे मला सांगत नव्हते, बॉनेटला सांगत होते.

मी म्हटलं, सायलेन्सर बदलून टाका. साधा उपाय होता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आमटीत पाणी ओतायला सांगितलंय. "आवाज दाबायचा नाही वहिनी. त्याच्या पुढे निघून जायचं."

पुढे म्हणजे किती पुढे, यात उन्हाळा संपला. तीन पूर्णांक शून्य आठची जोडी घेतली तर चोवीसशे फेरे. पट्ट्याच्या कडेवरच, आणि जरा चढ आला की परत आत. तीन पूर्णांक त्र्याहत्तर घेतली तर जवळजवळ तीन हजार फेरे, जुन्या किंचाळण्याच्या दारात. शेवटी तीन पूर्णांक पंचावन्न. शंभरला अठ्ठावीसशे. घुमणं मागे राहिलेलं आणि किंचाळणं अजून सुरू न झालेलं, अशी ती एक अरुंद जागा होती. पुन्हा पिवळा रंग, पुन्हा चकत्या, पुन्हा कोट बदलणं. चाचणीत मला दहापैकी नऊ शब्द आले. राहिलेला शब्द "कोथिंबीर" होता, आणि तेव्हा एक ट्रक शेजारून गेला होता. तसा शेरा मी मारून ठेवला आहे.

या सगळ्या महिन्यांत ते दोघं घरी भांडत होते असं समजू नका. सकाळी चहा एकत्र होई, आठवड्याची भाजी एकत्र आणली जाई. फक्त तो एक विषय कुणी काढत नसे. पुण्याहून पुतण्याचे निरोप येत, ते वाचून फोन पालथा ठेवला जाई. ती मला म्हणायची, "आता विचारतील की काय, या भीतीनं मी भांडी घासताना नळ मोठा सोडते." मी विचारलं, भीती कसली? ती म्हणाली, "मी नाही म्हणेन आणि त्यांचं सगळं इथे आहे. लेक, ती गाडी, ते गॅरेज." मी हे त्यांना सांगितलं नाही. सांगायचं काम माझं नव्हतं.

ऑक्टोबरच्या एका रविवारी त्यांनी तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं. मलाही बरोबर घेतलं. ती म्हणाली, साक्षीदार हवा, आणि ते म्हणाले, नोंद हवी. दोन दारांच्या गाडीत मागे बसायचं म्हणजे पुढची सीट दुमडून आत रांगत जायचं असतं. तुमची आजी त्या वयात, साडी सावरत, वहीसकट रांगत आत गेली.

लेकीकडे जाताना त्यांनी काही विचारलं नाही. तिनं मशीनं काढली नाहीत. डेव्हेंटरच्या पुढे ती म्हणाली, "ती बघा, केवढी मेंढरं," आणि ते म्हणाले, "हो, बरीच आहेत." एवढ्यावरच ते इतके खूश झाले की आरशात मला डोळ्यांनी खूण करून लिहायला सांगितलं. मेंढरांची नोंद माझ्या वहीत आहे.

जेवून दुपारी परत निघालो. आर्नहेम मागे पडलं, नाईमेखेन मागे पडलं. काटा शंभरवर, दुसरा काटा अठ्ठावीसशेवर. मला वाटलं, विचारायचं आजही राहणार.

बेस्टला वीसएक मिनिटं राहिली असताना ते म्हणाले, "एक विचारायचं होतं."

"विचारा."

"मागे विचारलं होतं तेच."

"मागे तुम्ही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं."

"बरं." त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट ठेवले. "आता विचारतो. आपण कायमचं इथे राहायचं का?"

"नाही," ती म्हणाली.

एक शब्द. मागच्या सीटवर मलासुद्धा स्वच्छ ऐकू आला. काटा हलला नाही. मला वाटलं ते आता लेकीचं नाव काढतील, डॉक्टरांचं काढतील. तुमचे आजोबा असते तर त्यांनी दहा मुद्दे मांडले असते.

ते एवढंच म्हणाले, "का?"

"कान," ती म्हणाली. "कान गेले तशी आधी डच गेली. मग इंग्रजी गेली. दुकानातली मुलगी काय म्हणते, डॉक्टर काय म्हणतात, मला आवाज येतो, शब्द येत नाहीत. मग मी हसून मान डोलावते. सगळीकडे. तुम्हाला वाटलं फक्त गाडीत डोलावते?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे.

"पुण्यात अर्धं वाक्य ऐकू आलं तरी उरलेलं मला माहीत असतं. भाजीवाली तोंड फिरवून बोलली तरी कळतं. मला अशा ठिकाणी म्हातारं व्हायचंय, जिथे उरलेलं अर्धं मला माहीत आहे."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"कुठे बोलणार? घरी असले की तुम्ही गॅरेजमध्ये. गाडीत असले की मी बहिरी."

मी पेनाला टोपण लावलं. हे लिहायचं नव्हतं.

"आणि गाडीचं मला वाईट वाटतं," ती म्हणाली. "तिकडे काही नेता यायची नाही. एवढं सगळं केलंत तिच्यासाठी."

"तिच्यासाठी नाही केलं," ते म्हणाले. "ते राहू दे. अजून काय काय आहे?"

"आहे बरंच. लांबण लागेल."

"लागू दे."

आणि ती बोलायला लागली. या देशातल्या पहिल्या हिवाळ्यापासून सुरुवात केली. मला त्यातलं जेवढं ऐकू आलं तेवढं माझ्यापाशीच राहील. ते मधे एकदाही बोलले नाहीत, फक्त "हं" म्हणत होते. तिला ते "हं" ऐकू येत होतं, कारण प्रत्येक वेळी ती पुढचं सांगे.

बेस्टला उतरायचा फाटा आला. त्यांनी वळायचा दिवा लावला नाही.

"अहो, आपलं बेस्ट गेलं," ती म्हणाली.

"जाऊ दे. तू बोल."

पुढे ओइरस्खोटचा फाटा आला, तिथून वळून परत येता आलं असतं. त्यांनी तोही सोडला, आणि आम्ही शंभरच्या वेगानं टिलबर्गच्या दिशेनं जात राहिलो.